कॅनव्हासवरचं चित्र: भेट देताना, भिंतीवर लावताना, सांभाळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात तैलरंगात आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये चित्रं काढते. चित्र घरी पोचलं की दोन-चार दिवसांत पहिला प्रश्न येतो, पावसाळा लागला की दुसरा, दिवाळीच्या साफसफाईत तिसरा. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केलेत. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. चित्रं दुर्लक्षाने खराब होतात, पण मायेने त्याहून जास्त खराब होतात. कुणी ओल्या फडक्याने पुसतं, कुणी हार घालतं, कुणी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून माळ्यावर ठेवतं. तेव्हा हात लावण्याआधी एकदा वाचा.

१. ओरिजिनल म्हणजे नेमकं काय? दुकानात कॅनव्हासवर छापलेली चित्रंही ओरिजिनल म्हणून विकतात.

चित्रकाराने स्वतःच्या हाताने रंगवलेलं ते ओरिजिनल. छापील चित्र कॅनव्हासवर असलं तरी छापीलच. काही छापील चित्रांवर वरून पारदर्शक जेल ब्रशने फिरवतात, त्यामुळे हाताला खरखरीत लागतं आणि माणूस फसतो. ओळखायचं असेल तर खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च चित्राच्या कडेला, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. हाताने काढलेल्या चित्रात रंगाचे उंचवटे आकाराबरोबर वळतात. पदराच्या काठावर ब्रश काठासोबत गेलेला दिसतो, पाण्यावर आडवा. जेलचे फराटे मात्र खालच्या चित्राशी संबंध नसल्यासारखे कुठूनही कुठे जातात. भिंगातून पाहिलं तर छपाईचे बारीक ठिपकेही दिसतात. छापील चित्र घेण्यात गैर काहीच नाही, फक्त ते छापील म्हणून आणि त्या किमतीत मिळायला हवं.

२. माझं चित्र ऑइल आहे की अ‍ॅक्रिलिक, हे घरी कसं ओळखायचं?

चित्रकाराला विचारा, तोच सरळ मार्ग. नव्या तैलचित्राला काही महिने जवसाच्या तेलाचा वास असतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा स्पिरिट कापसावर घेऊन घासून बघायचा प्रयोग कृपया करू नका. अ‍ॅक्रिलिक त्याने विरघळतं, आणि ज्या कोपऱ्यावर घासलं तो कोपरा गेलाच. फरक कळणं महत्त्वाचं आहे, कारण अ‍ॅक्रिलिक पाणी उडून वाळतं आणि तैलरंग हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतो. पुढची बरीच उत्तरं यावर अवलंबून आहेत.

३. मैत्रिणीच्या वास्तुशांतीला चित्र द्यायचंय. तिला आवडेल की नाही, कसं कळणार?

आधी तिच्या घरी एकदा चहाला जा. रिकामी भिंत कुठली आहे, ती उजेडात आहे का, पडदे-सोफ्याचे रंग कसे आहेत, हे डोळ्यांत साठवून या. जमलं तर तिच्या नवऱ्याला किंवा सासूबाईंना विश्वासात घेऊन भिंतीचं माप मिळवा. एवढं शक्य नसेल तर लहान आकाराचं घ्या. दीड फुटाच्या आतलं चित्र कुठल्याही घरात कुठेतरी बसतंच, चार फुटांचं मात्र सगळी खोली ताब्यात घेतं. आणखी एक वाट मला स्वतःला फार आवडते. आहेराच्या पाकिटात चित्रकाराच्या नावे एक चिठ्ठी घाला आणि चित्र त्या जोडप्यालाच निवडू द्या. माझ्याकडे असे आलेले लोक तास-तास बसतात आणि घरून येताना मनात असलेलं चित्र सोडून भलतंच घेऊन जातात.

कराबद्दलही विचारतात. लग्नातली आणि जवळच्या नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त असते. इतरांकडून वर्षभरात आलेल्या अशा वस्तूंची किंमत मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, आणि चित्रं त्या यादीत आहेत. महागडं चित्र देणार असाल तर सीएला विचारून घ्या.

४. ऑर्डर किती दिवस आधी द्यावी?

अ‍ॅक्रिलिकसाठी महिनाभर पुरतो. तैलचित्रासाठी निदान तीन महिने धरा. पातळ थर आठ-दहा दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण जाड थर वरून सुकून आत महिनोन्‌महिने मऊ राहतो. पावसाळ्यात तर आणखी रेंगाळतो. मुहूर्त जवळ आला म्हणून ओलं चित्र कागदात बांधून नेलं, तर कागदाचे तंतू रंगात कायमचे बसतात.

५. चित्राच्या मागे ‘सौ. व श्री. यांना सप्रेम भेट’ असं लिहू का?

कॅनव्हासवर नको. बॉलपेनचा दाब पुढून उठून दिसतो आणि मार्करची शाई काही वर्षांत कापडातून झिरपते. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो, त्या लाकडावर पेन्सिलने लिहा. चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, माप आणि साल यांची स्वतंत्र चिठ्ठी चित्रकाराच्या सहीनिशी घ्या. बिलाबरोबर ती फाइलला लावून भेटीसोबतच द्या. तीस वर्षांनी त्या घरातल्या मुलांना हा कागद लागतो.

६. कुठल्या भिंतीवर लावावं?

घराच्या आतल्या भिंतीवर, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत अशा. बाहेरची भिंत, विशेषतः पश्चिमेची, पावसाचा मारा खाते, ओल धरते आणि उन्हाळ्यात तापते. बाथरूमला लागून असलेली भिंत नको, तिच्यात नळाचे पाइप असतात. स्वयंपाकघरात फोडणीचा चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. एसीचा झोत थेट अंगावर येईल अशी जागाही टाळा. जागा नक्की करण्याआधी एक दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथे ऊन पडतं का ते पाहा. तासभर पडणारा कवडसासुद्धा काही वर्षांत रंग उडवतो.

७. वास्तुशास्त्राप्रमाणे धबधब्याचं, घोड्यांचं चित्र कुठल्या दिशेला?

त्या शास्त्राचा माझा अभ्यास नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन राखायचं असेल तर जरूर राखा. फक्त सांगितलेल्या दिशेची भिंत ओली निघाली, तर त्याच दिशेची आतली भिंत शोधा.

८. किती उंचीवर?

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाला मान वर करावी लागत नाही. सोफ्यावर लावायचं असेल तर पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर. तुमच्याकडे भारतीय बैठक किंवा झोपाळा असेल, तर तिथे बसून पाहा आणि चित्र त्या नजरेला आणा. आपल्याकडे देवांच्या तसबिरींच्या सवयीने चित्रं छताजवळ टांगली जातात आणि मग ती कुणी बघतच नाही.

९. खिळा ठोकला तर नुसता भुगा पडतो. काय करू?

भिंत सिपोरेक्स ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची असणार. त्यात साधा खिळा धरत नाही, त्या ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात तो प्लग) आणि स्क्रू लागतो. नव्या टॉवरमधल्या सलग काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागतं. जुन्या विटांच्या भिंतीत गिलाव्याच्या पलीकडे विटेत शिरेल इतकी लांब गिट्टी घ्या. दोन फुटांहून रुंद चित्राला दोन हुक लावा, म्हणजे ते वाकडं होत नाही. ड्रिल करताना चित्र दुसऱ्या खोलीत ठेवा. सिमेंटची भुकटी ब्रशस्ट्रोकच्या खाचांत बसली की निघता निघत नाही.

१०. धूळ बसू नये म्हणून काच लावू का?

कागदावरच्या जलरंगाला काच हवीच. कॅनव्हासला शक्यतो नको, कारण आपल्या दमट हवेत काचेला चिकटलेलं चित्र काढताना रंग सोलून निघतो. लहान मुलांच्या हातापासून वाचवायला काच लावायचीच असेल, तर चित्र आणि काच यांच्यात पट्टी घालून फट ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा. त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे मागची बाजू झाकणं. पोकळ प्लास्टिक शीट, ज्याचे प्रचाराचे फलक करतात ती, मागे स्क्रूने बसवली की धूळ, ओल आणि पाली तिन्ही अडतात.

११. चित्रावर दिवा लावला तर चालेल?

एलईडी लावा, पिवळसर उजेडाचा, चित्रापासून निदान दोन-तीन फूट दूर. जुने हॅलोजन तापतात, ते नकोत. संग्रहालयांत तैलचित्रांवर साधारण २०० लक्स आणि जलरंगांवर ५० लक्स उजेड ठेवतात (लक्स हे उजेड मोजायचं एकक). मोबाइलवरच्या लक्स-मीटर अ‍ॅपने अंदाज येतो. पाहुणे येतील तेव्हा लावा, एरवी बंद.

१२. धूळ कशी काढायची?

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, मऊ केसांच्या रुंद आणि कोऱ्या ब्रशने. चित्र थोडं पुढे झुकवून धरा आणि वरून खाली ब्रश हलकेच फिरवा. त्याआधी टॉर्च धरून पाहा (प्र. १ प्रमाणे). कुठे रंगाचे पोपडे उचललेले दिसले तर ब्रशही नको, सरळ प्र. २१ वर जा. पिसांचा झाडू नको, त्याच्या काड्या रंगात अडकतात.

१३. दिवाळीत बाईंनी चित्र ओल्या फडक्याने पुसलं. फडक्याला रंग आला. आता?

लगेच थांबा. कोरड्या फडक्यानेही घासू नका. चित्र सपाट, रंगाची बाजू वर करून, पंख्याच्या साध्या वाऱ्यात वाळू द्या. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. मग स्वच्छ उजेडात फोटो काढून चित्रकाराला पाठवा. चित्रकार हयात असेल तर एवढी दुरुस्ती बहुतेक वेळा होते.

काच पुसायचा स्प्रे, डिशवॉशचं पाणी, लिंबू, कापलेला बटाटा, ब्रेडचा मऊ भाग हे सगळं लोकांनी करून मला सांगितलेलं आहे. बटाट्याचा स्टार्च आणि ब्रेडचा चुरा खाचांत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी तिथूनच धरते. मदतीला येणाऱ्या मावशींना दोष देऊ नका. साफसफाई सुरू होण्याआधी चित्र स्वतःच्या हाताने काढून पलंगावर ठेवा.

१४. पावसाळ्यात चित्रावर पांढरट ठिपके आलेत. बुरशी आहे का? काय करायचं?

बहुधा हो. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याच्या वरच असते. चिपळूणच्या एका घरी मी काढलेलं नदीचं चित्र पश्चिमेच्या भिंतीवर लावलं होतं. पुढून काही दिसत नव्हतं, फक्त रंग मंद वाटत होते. भिंतीवरून उतरवून उलटं केलं तर मागचा कॅनव्हास हाताला सर्दावलेल्या पापडासारखा लागला. करड्या-हिरव्या बुरशीची वाटोळी वर्तुळं आणि त्यांच्या मधोमध, भिंतीचा चुना जिथे टेकला होता तिथे, पांढरं पीठ. बुरशी बहुतेक वेळा अशी मागून येते. पुढे ठिपके दिसतात तेव्हा मागे ती महिनाभर जुनी झालेली असते.

अशा वेळी चित्र उतरवून इतर चित्रांपासून वेगळं ठेवा. सावलीत, हवेशीर खोलीत, भिंतीला न टेकवता आठवडाभर वाळू द्या. बुरशी ओली असताना पुसली तर पसरते. पूर्ण सुकून भुकटीसारखी झाली की तोंडाला मास्क बांधून, गॅलरीत नेऊन, मऊ ब्रशने झटका आणि तो ब्रश टाकून द्या. डेटॉल, व्हिनेगर, स्पिरिट काहीही लावू नका. डाग रंगात उतरले असतील तर ते काम जाणकाराचं आहे.

पुढच्या वर्षी हे टाळायला फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा खेळेल. माझ्या मते या पानावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या भिंतीवर निरुपयोगी असतात, त्या बंद डब्यातच काम करतात. पावसाळ्यात घर महिनाभर बंद राहणार असेल, तर चित्र कोरड्या भागातल्या नातेवाइकांकडे ठेवणं उत्तम.

१५. कॅनव्हास सैल पडून लाटा आल्यात.

हवेबरोबर कापड आणि लाकूड कमी-जास्त होतं, त्यामुळे पावसाळ्यातल्या लाटा पुष्कळदा हिवाळ्यात आपोआप जातात. तेवढी वाट पाहा. नाहीच गेल्या तर चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या अगदी हलक्या टिचक्यांनी पुढे सरकवायच्या, सगळ्या सारख्याच. हातोडी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये पुठ्ठा धरा. मागून पाणी शिंपडून इस्त्री करण्याचे व्हिडिओ पाहून तसं काही करू नका.

१६. मागे पालीची अंडी सापडली. आणि लाकडातून पिठासारखी भुकटी पडते.

अंडी प्लास्टिकच्या पट्टीने अलगद काढा. कॅनव्हासला चिकटली असतील तर ओढू नका. पालीची विष्ठा रंगाला डाग पाडते, म्हणून सुकल्यावर लगेच झटका. भुकटी पडत असेल तर लाकूड पोखरलं गेलंय, अशी चौकट बदलावी लागते. कॅनव्हास शाबूत असतो, तो नव्या चौकटीवर ताणता येतो. चित्रावर कीटकनाशक फवारू नका. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल त्या दिवशी चित्र दुसरीकडे.

१७. आजीचं पोर्ट्रेट कॅनव्हासवर करून घेतलंय. पुण्यतिथीला हार, हळदकुंकू, उदबत्ती करतो. चालेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण अशी पोर्ट्रेट्स काढताना घरातली माणसं शेजारी बसून ‘आजीची नथ थोडी डावीकडे होती’ असं सांगत असतात. त्या चित्राला नमस्कार व्हायलाच हवा. पण कुंकू चित्राच्या कपाळावर लावू नका. कुंकू आणि हळद रंगाच्या खाचांत उतरते आणि हळदीचा पिवळा डाग निघत नाही. तसबिरीला काच असते, तिच्यावर कुंकू लावायची आपल्याला सवय असते. इथे काच नसते हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ताज्या फुलांच्या हाराचं पाणी कॅनव्हासवर ओघळतं, झेंडूचा रंग उतरतो.

मी सुचवते ते असं. फ्रेमच्या वरच्या कडेला दोन लहान हुक बाहेरच्या बाजूने लावून घ्या आणि हार चित्राला न टेकता फ्रेमवरून सोडा. चंदनाचा किंवा कापडी हार ठेवायचा असेल तरी तसाच. खाली चौरंग मांडून त्यावर आजीचा काचेतला छोटा फोटो ठेवा. हळदकुंकू, फुलं, निरांजन त्याला. उदबत्ती चित्रापासून चार-पाच फूट लांब ठेवा, कारण तिचा धूर तेलकट असतो आणि काजळीचा थर इतका हळू बसतो की दहा वर्षांनी जुना फोटो शेजारी धरल्यावरच कळतो. गणपतीची आरास पोर्ट्रेटखाली करत असाल तर ते दहा दिवस चित्र दुसऱ्या खोलीत हलवा.

१८. कपाटात कापडात गुंडाळून नीट ठेवलं होतं, तरी पांढरा रंग पिवळट झाला.

तैलचित्र असेल तर हे अंधारामुळे होतं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि उजेडात पुष्कळसं परत येतं. थेट ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खोलीत काही आठवडे ठेवा, फरक दिसेल. जुन्या व्हार्निशचा, म्हणजे रंगावर मारलेल्या पारदर्शक थराचा पिवळेपणा मात्र असा जात नाही.

१९. व्हार्निश मारून घेऊ का?

तैलचित्राला सहा महिने ते वर्षभर थांबून, तेही चित्रकाराकडूनच. फर्निचरचं पॉलिश किंवा लाकडाचं व्हार्निश कधीही नाही. ते काढता येत नाही, आणि चित्राचं व्हार्निश पुढे काढता यावं असंच असायला लागतं.

२०. मुलीला अमेरिकेला पाठवायचंय. गुंडाळून नेता येईल?

पातळ थराचं, पूर्ण वाळलेलं चित्र चौकटीवरून काढून गुंडाळता येतं. रंगाची बाजू बाहेर ठेवायची. सगळे आत ठेवतात, पण आत गुंडाळलं की रंग दाबला जाऊन चुरगळतो. नळी निदान सहा इंच व्यासाची घ्या. रंगावर सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर ठेवा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पोचल्यावर लगेच उलगडून ताणून घ्यावं. जाड थरांचं चित्र गुंडाळू नका, त्याला लाकडी पेटी लागते.

बबलरॅप रंगाला थेट लावू नका. सुरुवातीच्या काळात मी एक अ‍ॅक्रिलिक चित्र मे महिन्यात तसंच बांधून पाठवलं. टेम्पोच्या उन्हात रंग मऊ झाला आणि सगळ्या आकाशावर गोल गोल ठसे उमटले. ते चित्र मी परत मागवून पुन्हा काढून दिलं. थंडीत उलट होतं. कडाक्याच्या थंडीत अ‍ॅक्रिलिक कडक होतं आणि वाकवलं तर तडकतं, म्हणून जानेवारीत पार्सल पोचलं तर पेटी घरात दिवसभर ठेवून मगच उघडायला सांगा.

२१. कॅनव्हास फाटलाय / रंगाचे पोपडे निघतायत.

चित्र सपाट ठेवा. पडलेले कण, कितीही बारीक असले तरी, पाकिटात जपा. सेलोटेप आणि फेविकॉल यांना हात लावू नका. नंतरच्या दुरुस्तीत निम्मा वेळ तेच काढण्यात जातो. हे काम कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे चित्रांची जपणूक-दुरुस्ती शिकलेल्या जाणकाराचं आहे, फ्रेमवाल्याचं नाही.

२२. पणजोबांच्या घरातून रविवर्म्याचं सरस्वतीचं चित्र मिळालं. मूळ असेल का?

जवळजवळ खात्रीने छापील असेल. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील चित्रांनी महाराष्ट्रातली देवघरं भरली. त्यांतल्या काही चित्रांवर व्हार्निश असतं, कॅनव्हाससारखा पोतही उठवलेला असतो, त्यामुळे भास होतो. भिंगातून पाहिलं तर ठिपके दिसतात आणि खालच्या कडेला बरेचदा छापखान्याचं नाव असतं. पण ते कागदावरचं आहे, म्हणून कॅनव्हासचे इथले नियम त्याला लावू नका. त्याला काच हवी आणि उजेड कमी हवा (प्र. १० आणि ११). मूळ चित्रं बघायची असतील तर साताऱ्याजवळ औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जा, तिथे रविवर्म्यांची तैलचित्रं आहेत.

२३. जुनं चित्र परदेशी मुलाकडे नेता येईल?

हयात चित्रकाराचं नवं चित्र नेता येतं, सोबत बिल आणि चित्रकाराची चिठ्ठी (प्र. ५) ठेवा. शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांच्या कलाकृती ‘कलानिधी’ ठरलेल्या आहेत, त्यांना वयाची अटही नाही. जुनं दिसणारं पण तितकं जुनं नसलेलं चित्र असेल, तर निघण्याच्या पुरेसं आधी पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. विमानतळावर तो मिळत नाही.

२४. चित्र मी विकत घेतलंय. मग ते लग्नपत्रिकेवर किंवा आमच्या दुकानाच्या कॅलेंडरवर छापायला हरकत काय?

चित्र तुमचं झालं, छापण्याचा हक्क नाही. तो चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणून त्यांची चित्रं आज कुणीही छापतं. फ्रेममध्ये बसत नाही म्हणून चित्र कापणं, वर काही रंगवून घेणं यावरही चित्रकार हरकत घेऊ शकतो.

अपवाद एक आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. तुम्ही पैसे देऊन खास स्वतःसाठी चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट तुमचाच. प्र. १७ मधल्या आजीचं पोर्ट्रेट त्यात बसतं. तरी छापण्याआधी मला एक फोन करा. दिवसाच्या उजेडात, सपाट धरून काढलेला मोठा फोटो माझ्याकडे असतो. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेल्या फोटोत आजीचा चेहरा हिरवट येतो.